बिलावर आर्सेनिक लिहिलंय, हे बरोबर आहे ना?

मी एका हॉस्पिटलच्या कॅन्सर फार्मसीत काम करते. काम काय तर काचेच्या कपाटात हात घालून केमोच्या बाटल्या तयार करायच्या, लेबल चिकटवायचं, वॉर्डात पाठवायचं. माणसांशी फारसा संबंध येत नाही. पण एकदा दुपारी काउंटरवर एक काका आले, हातात बिल, त्यातल्या एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली, आणि म्हणाले, "मॅडम, हे आर्सेनिक म्हणजे सोमलच ना? आमच्याकडे उंदरांना घालायचे. पोरीला हेच चाललंय का?" मी म्हटलं हो काका, हेच चाललंय आणि बरोबर चाललंय. काका जरा वेळ बिलाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे विषाने विष मारायचं," आणि गेले.

ते वाक्य डोक्यात अडकून राहिलं. ऐकायला भारी वाटतं, व्हॉट्सॲपवर तर संस्कृतमध्येच फिरतं, पण या औषधाच्या बाबतीत ते चुकीचं आहे. कसं ते सांगायचं तर अख्खं प्रकरणच सांगावं लागेल.

आजारापासून सुरुवात करू. एपीएल, म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. एएमएल नावाचा जो ब्लड कॅन्सरचा गट आहे त्यातला हा एक प्रकार, दहा पेशंटमागे एखादा. १९५७ साली नॉर्वेत हिलेस्टाड नावाच्या डॉक्टरने तीन पेशंटवरून लिहिलं की हा वेगळा आजार दिसतोय, खूप रक्तस्राव होतो आणि काही आठवड्यांत माणूस जातो. आजही सुरुवात तशीच होते, हिरड्यांतून रक्त, मांडीवर कुठेही न आपटता आलेले काळेनिळे डाग, बायकांना पाळी थांबतच नाही. या पेशी अर्धवट वयाच्या, त्यांच्यामुळे अंगभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात, त्यात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी प्रथिनं सगळी खर्च होतात आणि मग जिथे रक्त थांबायला पाहिजे तिथे थांबत नाही. पेशंट दगावतो तो बऱ्याचदा डोक्यात रक्तस्राव होऊन, आणि तोही निदानाचे कागद पूर्ण व्हायच्या आत. म्हणून एपीएलची नुसती शंका आली तरी एट्रा नावाच्या गोळ्या लगेच चालू करायच्या, जेनेटिक रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, हा नियमच आहे. एट्राबद्दल पुढे सांगते.

आता आर्सेनिक. हे ल्युकेमियात पहिल्यांदा चीनने वापरलं असं नाही. १७८६ मध्ये इंग्लंडात थॉमस फाउलरने एक टक्का पोटॅशियम आर्सेनाइटचं द्रावण काढलं, ते तापापासून त्वचारोगापर्यंत सगळ्याला द्यायचे. १८६५ मध्ये जर्मनीत लिसाउअरने ते ल्युकेमियाच्या पेशंटला दिलं, १८७८ मध्ये बॉस्टनला डॉक्टरांनी चक्क मोजून दाखवलं की याने पांढऱ्या पेशी उतरतात. पण तो वेगळा ल्युकेमिया, क्रॉनिक, आणि थांबवलं की पेशी परत वर. पुढे रेडिएशन आलं, मग बुसल्फान नावाचं केमोचं औषध आलं आणि फाउलरची बाटली कपाटात मागे गेली ती गेलीच.

हार्बिनची गोष्ट त्यानंतरची, आणि मला सगळ्यात आवडणारी. उत्तर चीन, हेलोंगजियांग प्रांत, १९७० च्या आसपास, सांस्कृतिक क्रांतीचा काळ, शहरातल्या डॉक्टरांना खेड्यात पाठवत होते. तिथे एक गावठी औषधवाला गाठींवर आणि कॅन्सरवर एक मिश्रण देतो अशी बातमी आली. त्यात तीन गोष्टी होत्या, सोमल, पाऱ्याचं क्लोराइड आणि बेडकाच्या जातीतल्या एका प्राण्याचं विष. हार्बिन मेडिकल युनिव्हर्सिटीचा फार्मासिस्ट हान ताइयुन याने १९७१ मध्ये त्याचं इंजेक्शन बनवलं (आमच्या जमातीचा माणूस, म्हणून त्याचं नाव आवर्जून घेते, बाकी लोक डॉक्टरांचीच नावं सांगतात). आणि झांग टिंगदोंग नावाच्या डॉक्टरने ते ल्युकेमियाच्या पेशंटना द्यायला सुरुवात केली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही वैदूची असू शकते. आपल्याकडेही प्रत्येक तालुक्यात असा एक माणूस असतोच, अमक्याचा कॅन्सर बरा केला म्हणे. फरक पुढे पडला. या लोकांनी मिश्रणातल्या गोष्टी एकेक करून काढायला घेतल्या. बेडकाच्या विषाने डोकं दुखतं, ब्लड प्रेशर वाढतं, काढा. पाऱ्याने लघवीतून प्रोटीन जायला लागतं, म्हणजे किडनीला त्रास, काढा. राहिलं नुसतं आर्सेनिक, आणि परिणाम कमी झाला नाही! म्हणजे बाकीचे दोघं इतकी वर्षं फुकट पगार खात होते आणि वर पेशंटला त्रास देत होते.

दुसरं काम त्यांनी केलं ते ल्युकेमियाचे प्रकार वेगळे करून बघण्याचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं की सगळ्या ल्युकेमियात सारखा फायदा नाही, एम३ म्हणजे एपीएलमध्येच सगळ्यात जास्त. १९९२ मध्ये त्यांच्या टीमने ३२ एपीएल पेशंटचा रिपोर्ट छापला, २१ जणांचा आजार तपासणीत दिसेनासा झाला होता. चिनी भाषेत, चिनी मासिकात. बाहेरच्या जगाला पत्ता नाही, आणि ज्यांना कळलं त्यातल्या बऱ्याच जणांनी आर्सेनिक हा शब्द वाचून पान उलटलं असणार, काकांसारखंच.

त्याच वेळी खाली शांघायला रुइजिन हॉस्पिटलमध्ये वांग झेनयी एट्रावर काम करत होते. एट्रा म्हणजे व्हिटॅमिन ए चा एक अवतार. कॅन्सरची पेशी मारायची नाही, तिला मोठी करायची, अशी त्यांची कल्पना. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ पेशंट छापले, चोवीसच्या चोवीस रिमिशनमध्ये, म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा, त्यातल्या तेवीस जणांना केमो अजिबात नाही. त्या काळात ल्युकेमियामध्ये असं ऐकायची कुणाला सवय नव्हती. पण नुसत्या एट्रावर आजार परत यायचा. मग शांघायवाल्यांनी हार्बिनचं आर्सेनिक घेतलं आणि आजार उलटलेल्या १५ जणांना दिलं, काहींना नुसतं, काहींना आणखी औषधांच्या जोडीने. १४ जण परत रिमिशनमध्ये. हा रिपोर्ट १९९७ चा, आणि इंग्रजीत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने १२ पेशंट केले, ११ रिमिशनमध्ये. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता. हार्बिनमध्ये जे तीस वर्षं चाललं होतं ते अमेरिकेत तीन वर्षांत पार पडलं, असं म्हणता येईल, पण मग त्या तीस वर्षांतली वजाबाकी आयती मिळाली होती हेही म्हणायला हवं.

आता विषाने विष का नाही ते.

एपीएलच्या पेशीत १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोझोमचे तुकडे अदलाबदल होतात. दोन जीन चुकीच्या जागी जोडले जातात, एक पीएमएल आणि एक रारा, आणि त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं. हे प्रथिन पेशीला मोठं होऊच देत नाही. एट्रा त्यातल्या राराच्या बाजूला चिकटतं. आर्सेनिक कुठे चिकटतं हे मात्र बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं, २०१० मध्ये चीनच्याच गटाने दाखवलं की ते थेट पीएमएलच्या बाजूला चिकटतं. पीएमएलमध्ये काही जागा आहेत जिथे गंधकवाले अमिनो ॲसिड जस्ताचा एक अणू चिमटीत धरून बसलेले असतात. जस्त, म्हणजे झिंक, आपल्याला लागणारं ट्रेस एलिमेंट. आर्सेनिक येतं आणि जस्ताची जागा बळकावतं. त्याला गंधकाची ओढच तशी आहे. जागा बळकावली की प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात, पेशी त्यांच्यावर "भंगारात काढा" अशी चिठ्ठी लावते आणि ते जोडप्रथिन कापून टाकलं जातं. अडसर गेला की पेशी मोठी होते आणि आपल्या मरणाने मरते.

हरताळ फासणे हा शब्द आपण रोज वापरतो. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज, पूर्वी पोथीत चुकीचं अक्षर पडलं की त्यावर हरताळ लावून ते पुसायचे. एपीएलमध्ये जे होतं ते याच्या इतकं जवळ आहे की मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. पण हरताळ फासला ते एका चुकीच्या ओळीवर. बाकीच्या ल्युकेमियात ती ओळच नाही, म्हणून तिथे आर्सेनिक असं चालत नाही, मायलोमा नावाच्या दुसऱ्या ब्लड कॅन्सरात वगैरे देऊन बघितलं, एपीएलसारखी मजा कुठेच आली नाही. विष म्हणून काम केलं असतं तर सगळीकडेच थोडंफार केलं असतं ना.

आणि आर्सेनिक विष राहतंच हेही तितकंच खरं. गंधकाची ओढ आहे ती काही फक्त पीएमएलपुरती नाही. अंगातल्या कितीतरी एन्झाइममध्ये तेच गंधक आहे, पेशीला शक्ती देणारी जी साखळी आहे तिथेही आहे. आर्सेनिकच्या विषबाधेवर डायमरकॅप्रॉल देतात, तेही गंधकवालंच, आर्सेनिकला दुसरं स्थळ दाखवायचं इतकंच त्याचं काम. म्हणजे ज्या गुणाने बरं करतं त्याच गुणाने मारतं, दोन वेगळे गुण नाहीत.

आकडे करून बघू, मी एकदा कंटाळून पावतीच्या मागे केले होते. डोस किलोला ०.१५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ९ मिलिग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साईड, त्यात शुद्ध आर्सेनिक सुमारे ६.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अगदी त्या काठावरचं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं तर ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका बाटलीत साडेसात महिन्यांच्या पाण्याइतकं आर्सेनिक, दोन तासांत, शिरेतून. आणि पूर्ण कोर्स म्हणजे सुरुवातीचा महिनाभर रोज, मग पुढे आठवड्यातून पाच दिवस असे चार आठवडे चालू चार आठवडे बंद, चार वेळा. ११० च्या आसपास बाटल्या, जवळजवळ एक ग्रॅम. एका दमात तोंडावाटे घेतलं तर शंभर दोनशे मिलिग्रॅममध्ये माणूस खलास होतो. मग हा माणूस का जगतो? कारण रोजचा हप्ता छोटा आहे, लिव्हर त्याला मिथाइल नावाचा रासायनिक तुकडा लावत राहतं आणि किडनी लघवीतून काढत राहते. आणि रोज कुणीतरी बघत असतं, ते नसतं तर पहिल्या दोन कारणांचा फार उपयोग नाही.

बघायचं काय? एक, हृदय. आर्सेनिकने ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबतं, फार लांबलं तर ठोके वेडेवाकडे पडून माणूस जाऊ शकतो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असेल तर हा धोका वाढतो, म्हणून पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर ठेवायचं. उलटीचं नेहमीचं ऑन्डान्सेट्रॉन, काही अँटिबायोटिक, बुरशीची काही औषधं हीसुद्धा क्यूटी लांबवतात, आमच्याकडे पहिली नजर त्यावरच जाते, चिठ्ठीत दोन सापडली की मी आधी फोन उचलते. दोन, डिफरन्सिएशन सिंड्रोम. हजारो पेशी एकदम वयात येतात आणि फुप्फुसात घुसतात, मग ताप, धाप, दोन दिवसांत दोन तीन किलो वजन वाढतं. याची शंका आली तरी डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड चालू करायचं, दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम. एपीएलच्या पेशंटचं रोज सकाळी वजन का करतात हे नातेवाइकांना कळत नाही, त्यांना वाटतं पोरगी बरी होतेय, अंग धरतेय. तीन, लिव्हर. चार, मेंदू, त्यातही बी१ व्हिटॅमिन कमी असेल तर जास्त. हातापायाला मुंग्या, नागीण, हे किरकोळमध्ये धरतात पण ज्याला होतं त्याला ते किरकोळ नसतं.

आपल्याकडचा भाग सांगायचा राहिला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विक्रम मॅथ्यूज आणि मंडळींनी १९९८ ते २००४ मध्ये ७२ नव्या पेशंटना नुसतं आर्सेनिक दिलं. एट्रा नाही, नेहमीची जोडकेमो नाही, पेशी फार वाढल्या तर तेवढ्यापुरतं दुसरं काहीतरी. कारण सरळ होतं, बाकीचा खर्च बहुतेकांना झेपणारा नव्हता. ८६ टक्के रिमिशनमध्ये गेले, २००६ मध्ये छापलं, आणि रिमिशननंतरचे डोस बहुतेक बाहेरूनच येऊन घ्यायचे, ॲडमिट न होता. मला विचाराल तर हा अभ्यास हार्बिनइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचं नाव इथल्या किती लोकांनी ऐकलंय देव जाणे. श्रीमंत देशात आर्सेनिक शेवटचा उपाय होता, आजार उलटला की द्यायचा, वेल्लोरने ते पहिल्या दिवसापासून देऊन दाखवलं.

मग २०१३ मध्ये रोमच्या फ्रान्सेस्को लो कोको यांनी जर्मनीतल्या डॉक्टरांना घेऊन तो मोठा अभ्यास छापला, हार्बिन आणि शांघाय एकत्र, म्हणजे आर्सेनिक अधिक एट्रा, विरुद्ध एट्रा अधिक केमो. कमी आणि मध्यम धोक्याचे पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. दोन वर्षांनी आर्सेनिकच्या गटात ९९ टक्के जिवंत, केमोच्या गटात ९१. लिव्हरचा मोठा त्रास मात्र आर्सेनिकमध्ये ६३ टक्क्यांना आणि केमोमध्ये ६ टक्क्यांना, म्हणजे विष होतंच, पण औषध काही दिवस थांबवलं की लिव्हर सावरत होतं. केमोत पांढऱ्या पेशी आठवडेच्या आठवडे शून्याजवळ, इन्फेक्शन, त्यातून माणसं जायची. २०१९ पासून आर्सेनिक ट्रायऑक्साईड जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. चीनमध्ये तर आर्सेनिकच्या गोळ्याही निघाल्यात, मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं लाल खनिज घातलेल्या, सलाईन न लावता घरी घ्यायच्या, आणि तिथल्या अभ्यासात त्या शिरेतल्या औषधापेक्षा कमी पडल्या नाहीत.

इथे काकांकडे परत यावं लागेल. चार पाच दिवसांनी ते पुन्हा काउंटरवर, या वेळी खिशातून कागदाची पुडी काढली, पांढरट करडी पूड, कुणीतरी ओळखीच्याने दिलेली. "यातपण सोमलाचंच भस्म आहे म्हणतात, तुम्हीच म्हणालात हेच चाललंय, मग हे जोडीला दिलं तर लवकर नाही का बरी होणार?"

चूक माझी होती. मी त्या दिवशी "हो, हेच" म्हणून मोकळी झाले होते, काउंटरवर गर्दी होती. या वेळी त्यांना आत बोलावून बसवलं. म्हटलं काका, माझ्या बाटलीत किती आहे ते मला शेवटच्या थेंबापर्यंत माहीत आहे, या पुडीत किती आहे ते तुम्हाला, मला, देणाऱ्याला, कुणालाच माहीत नाही. शिसं आहे का, पारा आहे का, तेही नाही. हार्बिनवाल्यांनी जो पारा काढून टाकायला इतकी मेहनत घेतली तो तुम्ही परत घालणार का. शिवाय आजार नसलेल्या अंगात हेच आर्सेनिक थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर उलटं कॅन्सर करतं. चिलीतल्या अँटोफगास्टा शहरात १९५८ ते १९७० लोक लिटरला ८६० मायक्रोग्रॅमचं पाणी प्यायले, नळाचं पाणी सुधारल्यावर कितीतरी वर्षांनीही तिथे फुप्फुसाचे आणि मूत्राशयाचे कॅन्सर जास्त निघत राहिले. इतकं लांब कशाला, गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगडात अंबागड चौकीकडे कौडीकसा गाव आहे, तिथल्या विहिरींत आर्सेनिक सापडलंय, लोकांच्या तळहातावर घट्टे येतात. काकांनी विचारलं, "मग हिला पुढे कॅन्सर होणार का यातून?" प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं की कोर्स काही महिन्यांचा आहे, बंद झाल्यावर बरंचसं निघून जातं, आणि डॉक्टर पुढे वर्षानुवर्षं बघत राहणार आहेत. त्याच्या पुढे मी काही बोलले नाही.

पुडी त्यांनी टेबलावरच ठेवली. मी ती पिवळ्या पिशवीत टाकली, आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून फोन आला, पोरीचं पोटॅशियम ३.६, बाटली अजून पाठवू नका. पोटॅशियम चढवलं, दुपारी परत रक्त काढलं, ४.२, ईसीजी काढला, ठीक. मग मी ॲम्प्यूल फोडली. रंग नाही, वास नाही, पाण्यासारखंच. मोजून सलाईनच्या बाटलीत घातलं, लेबलवर दोन तास लिहिलं. काका बाहेर खिडकीशी उभे होते, घड्याळ बघत, आज उशीर का झाला म्हणून.